वाढता युरोपीय महासंघ आणि राज्यघटना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपीय महासंघावर काहीही लिहिलं की हे प्रश्न येतातच. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विचारतात, जर्मनी-नेदरलँड्समध्ये नोकरीला असलेले विचारतात, गोव्यातून तर नेमाने विचारणा होते. महासंघाला वाढायचं असेल तर त्याला खरी राज्यघटना हवी, असं माझं ठाम मत आहे. ते उत्तरांत दिसेलच. विरोधी बाजू जिथे तगडी आहे तिथे तसंही लिहिलं आहे.

१. युरोपीय महासंघाला राज्यघटना आहे की नाही? सरळ सांगा.

त्या नावाचा दस्तऐवज नाही. राज्यघटनेची बरीचशी कामं मात्र दोन मूळ करार करतात. एक १९९२ मध्ये मास्ट्रिख्टला सही झालेला, दुसऱ्याचं मूळ १९५७ च्या रोम करारात. त्यांच्या जोडीला मूलभूत हक्कांची सनद आहे. कोणत्या संस्थेला कोणता अधिकार, कायदा कसा होतो, नागरिकाचे हक्क कोणते, हे सगळं त्यांत मिळतं. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने तर १९८६ मध्येच यांतल्या रोमच्या कराराला मूलभूत घटनात्मक सनद म्हटलं.

मग अडतं कुठे? हे करार सरकारांनी सरकारांशी केलेले आहेत. त्यांत बदल करायचा तर प्रत्येक सरकारचा होकार लागतो, आणि ज्यांच्या आयुष्यावर त्यांचा अंमल चालतो त्या लोकांना एकत्रितपणे कधी कोणी विचारलेलंच नाही.

२. २००४ मध्ये रोममध्ये ज्यावर सह्या झाल्या ते काय होतं?

तीच राज्यघटना, जी अमलात आली नाही. डिसेंबर २००१ मध्ये बेल्जियममधल्या लाकन इथे नेत्यांनी ठरवलं की महासंघाचा पाया नव्याने मांडायचा. त्यासाठी फेब्रुवारी २००२ मध्ये एक कन्व्हेन्शन, म्हणजे मसुदा लिहिणारी सभा, बसलं. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ त्याचे अध्यक्ष होते. इटलीचे ज्युलियानो अमातो आणि बेल्जियमचे जाँ-ल्युक देहाने उपाध्यक्ष. आधीचे करार बंद दाराआड मुत्सद्द्यांनी लिहिले होते. इथे राष्ट्रीय संसदांचे आणि युरोपीय संसदेचे प्रतिनिधी बसले, चर्चा उघड झाली, आणि अजून आत न आलेल्या उमेदवार देशांनाही बोलायला जागा मिळाली. मला त्या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

२९ ऑक्टोबर २००४ रोजी रोमच्या कॅपिटोलीन टेकडीवर, १९५७ चा करार झाला त्याच दालनात, २५ देशांनी सह्या केल्या. मजकूर ४४८ कलमांचा होता. पुढे काय झालं ते प्रश्न ७ मध्ये.

३. सहा देश असताना करारांवर भागलं. मग आता राज्यघटनेची गरज काय?

सहा देशांचं एकमत करणं आणि सत्तावीस देशांचं करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सर्वांत वजनदार निर्णय आजही एकमतानेच होतात: परराष्ट्र धोरण, कर, अनेक वर्षांचा खर्चाचा आराखडा, नव्या देशाला प्रवेश, आणि मूळ करारांतली दुरुस्ती. १९५७ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग एवढेच होते. २००४ मध्ये एका दिवसात दहा देश आले. २००७ मध्ये रुमानिया आणि बल्गेरिया, २०१३ मध्ये क्रोएशिया. २०२० मध्ये ब्रिटन बाहेर पडला. म्हणजे प्रत्येक विस्तारागणिक अडवणूक करू शकणाऱ्या हातांची संख्या वाढत गेली.

दुसरं कारण घासाघीस. डिसेंबर २००० मध्ये फ्रान्समधल्या नीसला नेते जमले ते येऊ घातलेल्या विस्तारासाठी घर आवरायला. पाचव्या दिवशी पहाटेपर्यंत भांडण चाललं ते कोणाला किती मतं यावर. निघालेला तोडगा असा की जर्मनीला २९ मतं आणि तिच्या निम्म्याहून कमी लोकसंख्येच्या पोलंडला २७. यामागे तत्त्व कोणतंच नव्हतं. जो जास्त वेळ ताणून धरेल त्याला जास्त, एवढंच. अशा नियमांवर लोकांचा विश्वास बसावा तरी कसा?

तिसरं, आणि माझ्या मते मुख्य कारण, जाब विचारण्याचं. निर्णय ब्रुसेल्समध्ये होतो, श्रेय मायदेशी घेतलं जातं आणि दोष ब्रुसेल्सवर ढकलला जातो. कोणता अधिकार कोणाकडे, हे चारचौघांना समजेल अशा भाषेत एका जागी लिहिलेलं नसेल तर मतदाराने पकडायचं कोणाला? देश जितके जास्त, तितकं हे धुकं दाट होतं.

४. सध्या रांगेत कोण आहेत?

तुर्की, उत्तर मॅसिडोनिया, माँटेनेग्रो, सर्बिया, अल्बानिया, बोस्निया-हर्जेगोविना, युक्रेन, मोल्डोव्हा आणि जॉर्जिया यांना उमेदवार देशाचा दर्जा आहे. तुर्कीची बोलणी अनेक वर्षं ठप्प आहेत. कोसोव्होने डिसेंबर २०२२ मध्ये अर्ज केला, पण स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया आणि स्लोव्हाकिया हे पाच सदस्य त्याला देश म्हणूनच मान्यता देत नाहीत. प्रवेशाच्या अटी १९९३ मध्ये कोपनहेगनला ठरल्या: स्थिर लोकशाही, कायद्याचं राज्य, अल्पसंख्याकांचं संरक्षण, चालती बाजारव्यवस्था आणि महासंघाचे कायदे अमलात आणण्याची कुवत.

५. एका देशाच्या नकाराधिकाराने खरंच एवढं अडतं का? एखादं उदाहरण द्या.

उत्तर मॅसिडोनियाचं घ्या. डिसेंबर २००५ मध्ये तो उमेदवार झाला. ग्रीसला 'मॅसिडोनिया' हे नाव मान्य नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं वाट अडली. शेवटी जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी दोन्ही देशांचा करार झाला आणि २०१९ च्या सुरुवातीला त्या देशाने स्वतःचं नाव बदललं. आता दार उघडेल असं वाटत असताना ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सने बोलणी रोखली. ती अडचण सुटली, तर नोव्हेंबर २०२० मध्ये भाषा आणि इतिहासाच्या वादावरून बल्गेरिया आडवा आला. जुलै २०२२ मध्ये बोलणी औपचारिकरीत्या सुरू झाली, पण पुढच्या टप्प्यासाठी अट पडली की देशाने आपल्या राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख घालावा. तीन वेगवेगळे देश, तीन वेगवेगळी कारणं, आणि कोपनहेगनच्या अटींशी त्यातल्या कशाचाच धड संबंध नाही. ज्या तरुणांनी नाव बदलण्याच्या बाजूने उभं राहून शिव्या खाल्ल्या, त्यांच्या पदरात काय पडलं याचा विचार केला की वाईट वाटतं.

दुसरा प्रसंग १४ डिसेंबर २०२३ चा. युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायची की नाही, हा विषय. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांचा विरोध होता. ते दालनातून बाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला. त्या दिवशी वेळ निभावून गेली. पण चार कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या, युद्धात होरपळणाऱ्या देशाचं भवितव्य एक जण खोलीत आहे की नाही यावर ठरावं, ही राज्यकारभाराची रीत नव्हे.

६. मग सगळंच बहुमताने का करत नाहीत? 'विशेष बहुमत' म्हणजे नक्की काय?

बरेचसे कायदे आजही मंत्रिपरिषदेत (सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या सभेत) विशेष बहुमतानेच होतात. नियम दुहेरी आहे: किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्यांच्यात मिळून किमान ६५ टक्के लोकसंख्या. अडवायचं तर किमान चार देश हवेत, म्हणजे तीन मोठ्यांनी संगनमत करून सगळ्यांना वेठीला धरू नये. हा नियम आला २००४ च्या राज्यघटनेच्या मसुद्यातूनच. डिसेंबर २००३ मध्ये पोलंड आणि स्पेनने त्याला विरोध केला, कारण नीसमध्ये मिळालेलं वजन जाणार होतं. बोलणी फिसकटली आणि तडजोड व्हायला जून २००४ उजाडला.

प्रश्न ३ मधले विषय या नियमाबाहेर आहेत. तिथे सुमारे सहा लाख लोकसंख्येचा माँटेनेग्रो उद्या आत आला तर त्याचा नकार जर्मनीच्या नकाराइतकाच वजनदार असेल.

७. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या लोकांनी राज्यघटना नाकारली. लोकांनाच नको असेल तर तुमचा आग्रह कशाला?

हा आक्षेप सर्वांत जड आहे. फ्रान्समध्ये २९ मे २००५ रोजी सुमारे ५५ टक्के मतदारांनी 'नाही' म्हटलं, तेही ६९ टक्के मतदान होऊन. तीनच दिवसांनी नेदरलँड्समध्ये ६१.५ टक्के 'नाही'. हे काठावरचे निकाल नव्हते. त्याआधी फेब्रुवारीत स्पेनमध्ये सुमारे ७७ टक्के 'हो' आलं होतं आणि नंतर जुलैमध्ये लक्झेंबर्गमध्ये ५६.५ टक्के, पण फ्रान्स आणि नेदरलँड्स हे दोघेही संस्थापक देश.

लोकांनी नेमकं काय नाकारलं, ते मात्र बारकाईने पाहायला हवं. ४४८ कलमांपैकी ३२२ तिसऱ्या भागात होती आणि त्यांतली बहुतेक जुन्या करारांतून उचललेली: स्पर्धा, शेती, भांडवलाचा वावर, मासेमारी. हे नियम अनेक वर्षं लागू होतेच, आणि राज्यघटना नाकारल्यावरही लागूच राहिले. पण फ्रेंच मतदाराच्या हाती तो जाडजूड मजकूर पडला आणि बाजाराचे नियम हक्कांच्या पंक्तीला बसलेले दिसले. आर्थिक धोरण कायमचं गोठवून टाकताहेत, ही त्याची शंका रास्त होती. त्यात सेवाक्षेत्र खुलं करणाऱ्या बोल्केस्टाइन प्रस्तावाचा वाद पेटलेला, आणि कमी पैशात काम करणाऱ्या 'पोलिश प्लंबर'ची भीती प्रचारात सगळीकडे. डच लोकांचा राग युरोच्या महागाईवर आणि महासंघात आपल्या पैशांना किंमत आहे पण शब्दाला नाही यावर होता.

माझा निष्कर्ष असा: पहिला आणि दुसरा भाग, म्हणजे संस्था आणि हक्क, एवढंच लोकांपुढे ठेवायला हवं होतं. पहिला भाग ६० कलमांचा, दुसरा ५४ चा. तेवढं एखादा माणूस एका बैठकीत वाचू शकतो. बाकी सगळं साध्या कायद्याच्या पातळीवर ठेवायचं, म्हणजे निवडणुकीनंतर बदलता येतं. आणि मतदान सर्व देशांत एकाच दिवशी घ्यायचं, नाहीतर प्रत्येक ठिकाणी स्थानिक सरकारवरचा राग मतपेटीत उतरतो.

८. लिस्बन करारात तेच सगळं आलं म्हणतात. मग राहिलं काय?

बरंच आलं. युरोपीय परिषदेचा, म्हणजे देशांच्या सर्वोच्च नेत्यांच्या सभेचा, पूर्णवेळ अध्यक्ष, दुहेरी बहुमत, बंधनकारक झालेली हक्कांची सनद, महासंघातून बाहेर पडण्याचं कलम (ब्रिटन गेला ते याच कलम ५० ने). राज्यघटना बारगळल्यावर तिच्या जागी आलेल्या या लिस्बन करारावर १३ डिसेंबर २००७ रोजी सह्या झाल्या. सार्वमत फक्त आयर्लंडमध्ये झालं: जून २००८ मध्ये नकार, ऑक्टोबर २००९ मध्ये होकार. १ डिसेंबर २००९ पासून करार लागू झाला.

गेलं ते काय? राज्यघटना हे नाव. झेंडा, गीत आणि ब्रीदवाक्याचं कलम. महासंघाचा कायदा राष्ट्रीय कायद्याच्या वर राहील हे स्पष्ट सांगणारं कलमही गेलं आणि त्याची बोळवण एका पुरवणी निवेदनात झाली. हे तत्त्व युरोपीय न्यायालयाने १९६४ मध्येच मांडलं होतं, त्यामुळे अनेकांना हा बदल किरकोळ वाटला. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने करारांतल्या काही तरतुदी पोलिश राज्यघटनेशी विसंगत ठरवल्या, तेव्हा ती उणीव डोळ्यांत भरली.

त्याहून मोठं नुकसान विश्वासाचं झालं. फ्रेंच आणि डच मतदारांनी नाकारलेला आशय त्यांना पुन्हा न विचारता संसदेतून मंजूर करून घेतला गेला. कायद्याने ते बरोबर होतं. पण आपलं मत मोजलं गेलं नाही ही भावना अनेकांच्या मनात घर करून राहिली, आणि राज्यघटनेची बाजू घेणाऱ्या आमच्यासारख्यांना तिचं उत्तर द्यावंच लागेल.

९. राज्यघटना आली की फ्रान्स, पोलंड ही राष्ट्रं संपणार का?

नाही. २००४ च्या मसुद्यातही आणि आजच्या करारांतही मूळ नियम एकच: सदस्य देशांनी दिलेत तेवढेच अधिकार महासंघाला, बाकी सगळे देशांकडे. सैन्य, पोलीस, शाळा, कर गोळा करणारी यंत्रणा देशांचीच. बाहेर पडण्याचा हक्क लेखी आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने जून २००९ मध्ये लिस्बन करार मान्य करतानाच बजावलं की महासंघ स्वतःचे अधिकार स्वतः वाढवू शकत नाही. चांगल्या राज्यघटनेने ही सीमारेषा आणखी ठळक व्हायला हवी.

१०. युरोपात एक समाज नाही, एक भाषा नाही. मग राज्यघटना कोणाच्या नावाने लिहायची?

जर्मनीच्या घटना न्यायालयाचे न्यायाधीश असलेले डीटर ग्रिम यांनी १९९० च्या दशकात हाच मुद्दा मांडला: समान भाषेतली चर्चा, युरोपभर वाचली जाणारी वृत्तपत्रं, युरोपभर पसरलेले पक्ष नसतील तर राज्यघटना पोकळ राहते. जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांचं उत्तर असं होतं की असा नागरिक-समाज आधी तयार होऊन मग राज्यघटना येते असं नाही. एकत्र मतदान, एकत्र वाद, समान हक्क यांतूनच तो घडतो.

महासंघाच्या २४ अधिकृत भाषा आहेत. भाषा अनेक असल्या म्हणून राज्यघटना अशक्य होते, हे निदान भारतीय वाचकाला पटणं अवघड आहे. तरी ग्रिम यांचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. युरोपीय संसदेच्या निवडणुका आजही सत्तावीस वेगळ्या राष्ट्रीय निवडणुकांसारख्याच लढवल्या जातात.

११. मग आपल्या राज्यघटनेशी तुलना करता येईल का?

एका मर्यादेपर्यंतच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की भारतीय संघराज्य घटकराज्यांनी आपापसांत केलेल्या करारातून जन्मलेलं नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही. युरोपचं नेमकं उलट आहे: तिथे सगळं करारातूनच आलं आणि बाहेरची वाट खुली आहे. आपली संसद कलम ३ खाली राज्याच्या सीमा बदलू शकते. ब्रुसेल्सने तसा विचारही केला तर महासंघ मोडेल.

एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, ती दुरुस्तीची. कलम ३६८ प्रमाणे राज्यांच्या अधिकारांना हात लावणाऱ्या दुरुस्तीला संसदेच्या विशेष बहुमताबरोबर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. सगळ्यांची नाही. २०१६ ची जीएसटीची दुरुस्ती अशीच झाली. युरोपने निम्म्याऐवजी चार पंचमांश देश असा कडक निकष ठेवला तरी चालेल, एकाचा नकार निर्णायक ठरू नये एवढंच.

१२. आत आल्यावर एखादा देश लोकशाहीच्या वाटेवरून घसरला तर? त्याला काढून टाकता येतं का?

काढता येत नाही. तशी तरतूदच नाही. कलम ७ प्रमाणे मतदानाचा हक्क स्थगित करता येतो, पण त्याआधी इतर सर्व देशांनी एकमताने गंभीर आणि सातत्याचा भंग झाल्याचं म्हणावं लागतं. हे कलम पोलंडविरुद्ध २०१७ मध्ये आणि हंगेरीविरुद्ध २०१८ मध्ये हाती घेतलं गेलं. दोघं एकमेकांना पाठीशी घालणार हे उघड होतं, त्यामुळे शिक्षेपर्यंत गाडी गेलीच नाही.

दात असलेला उपाय नंतर सापडला, आणि तो बहुमताचा होता. अंदाजपत्रकाच्या संरक्षणासाठीच्या नव्या नियमाखाली डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिपरिषदेने हंगेरीचा सुमारे ६.३ अब्ज युरोंचा निधी रोखून धरला. विस्तारानंतर अशी प्रकरणं वाढू शकतात. म्हणून कलम ७ मधली एकमताची अट काढणं ही राज्यघटनेतली माझी पहिली मागणी आहे.

१३. आधी राज्यघटना की आधी विस्तार?

दोन्ही बरोबरीने. 'आधी घर आवरू, मग पाहुणे' म्हणत बसलं तर बाल्कन देशांना आणखी वीस वर्षं उंबरठ्यावर ठेवल्यासारखं होईल. उलट आधी सगळ्यांना घेतलं तर नियम बदलण्यासाठी पस्तीसेक होकार गोळा करावे लागतील. उमेदवार देशांना २००२ प्रमाणे मसुद्याच्या टेबलावर बसवावं, मतदानाचा हक्क प्रवेशानंतर.

१४. राज्यघटनेला बहुसंख्य देशांनी होकार दिला आणि एक-दोघांनी नकार, तर?

२००४ च्या मजकुरात सर्वांची मंजुरी आवश्यक होती. जोडीला एक निवेदन होतं: दोन वर्षांत चार पंचमांश देशांनी मंजुरी दिली आणि बाकीचे अडखळले, तर विषय युरोपीय परिषदेकडे जाईल. पुढे काय, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी आहे. तेरा राज्यांच्या पहिल्या करारातही दुरुस्तीला एकमत लागायचं. आयात कराचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने पाडला. १७८७ च्या फिलाडेल्फियाच्या मसुद्याने ठरवलं की नऊ राज्यांची मंजुरी पुरे, आणि ती ज्यांनी दिली त्यांच्यापुरती राज्यघटना लागू. ऱ्होड आयलंड १७९० मध्ये आत आलं. युरोपमध्येही नकार देणाऱ्याला हाकलू नये, पण इतरांना थांबवण्याचा हक्कही त्याला नसावा. एकल बाजारपेठेत राहून राजकीय संघाबाहेर राहण्याचा मान्य दर्जा त्याला देता येईल. नॉर्वेचं नातं बरंचसं तसंच आहे.

१५. गोव्यातल्या आमच्या नातेवाइकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. राज्यघटना झाली तर त्यांच्यावर काय परिणाम?

पासपोर्टवर काहीच नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे तिथलं नागरिकत्व घेऊ शकतात. (ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं.) पोर्तुगालचा नागरिक आपोआप युरोपीय नागरिक होतो, हे नागरिकत्व मास्ट्रिख्ट करार लागू झाल्यापासून, म्हणजे १९९३ पासून आहे. कोणाला आपला नागरिक मानायचं हे प्रत्येक देश ठरवतो आणि २००४ च्या मसुद्यातही ते तसंच होतं.

एक अपवाद नवा आहे. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयाने माल्टाची गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजना बेकायदा ठरवली. गोव्याची गोष्ट विकत घेतलेल्या नागरिकत्वाची नाही, त्यामुळे तो निकाल इथे लागू होत नाही.

१६. आज प्रत्यक्षात काही हालचाल आहे का?

आहे, पण संथ. मे २०२१ ते मे २०२२ या काळात युरोपच्या भवितव्यावर नागरिकांची परिषद झाली आणि तिने ४९ प्रस्ताव दिले. तिच्या समारोपाच्या दिवशीच १३ सदस्य देशांनी करार बदलण्याची घाई नको असं लेखी कळवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय संसदेने एकमताची अट अनेक विषयांतून काढण्यासह करारदुरुस्तीचे प्रस्ताव मंजूर केले.

नवं कन्व्हेन्शन बोलावायला एकमत लागत नाही. युरोपीय परिषदेत साधं बहुमत पुरतं, म्हणजे २७ पैकी १४. कन्व्हेन्शनमधून निघालेल्या मजकुराला मात्र आजच्या नियमांप्रमाणे सगळ्यांची मंजुरी लागेल. तरी सुरुवात चौदा जणांच्या हातात आहे, आणि युक्रेन-मोल्डोव्हाच्या प्रवेशाची बोलणी चालू असताना ती व्हायला हवी.